सिकलसेलच्या मुलांना शिबिर हवं, पण मे महिन्यात नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्टीत परदेशी जाऊन मुलांच्या शिबिरांत स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या तरुणांवर आपल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला होता. त्यावर गेल्या आठवड्यात एका वाचकाने विचारलं आहे की, अमेरिकेतल्या मुलांची सेवा करायला इथून कशाला जायचं, त्यांना काय कमी आहे? प्रश्न रास्त आहे. मी ते काम दोन उन्हाळे केलं आहे, म्हणून उत्तर लिहायला बसले. पत्र लांबलं आहे. काटछाट करावी लागली तर सुरुवातीची करा, शेवटची करू नका, एवढी विनंती.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातली. शिबिर मला नवं नव्हतं. बारावीनंतर आमच्याच तालुक्यात सोमनाथला बाबा आमट्यांच्या श्रमसंस्कार छावणीला गेले होते. घमेली उचलली, हाताला फोड आले आणि आजतागायत टिकलेल्या दोन मैत्रिणी मिळाल्या. पुढे डीएमएलटी हा लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा केला आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात सहा वर्षं कंत्राटी लॅब टेक्निशियन होते. काम मुख्यतः सिकलसेल तपासणीचं. आश्रमशाळेत जायचं, मुलांना रांगेत बसवायचं, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात सोडायचा. थोड्या वेळाने ती नळी रेघा मारलेल्या कागदासमोर धरायची. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह, मग नमुना इलेक्ट्रोफोरेसिस या पुढच्या चाचणीला. तिथून कळतं की मूल एएस म्हणजे वाहक आहे की एसएस म्हणजे रुग्ण. एका दिवसात दीडशे-दोनशे बोटं व्हायची. मी नळीकडे बघायचे. नळीपलीकडच्या तोंडाकडे बघायला वेळ नसायचा, आणि खरं सांगायचं तर धीरही नसायचा.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. या आजारात रक्तातली गोल, मऊ लाल पेशी प्राणवायू कमी झाला की विळ्यासारखी वाकते आणि ताठर होते. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि अडकेल तिथे कळ उठते, कधी हातापायांत, कधी छातीत, पाठीत. मुलं म्हणतात, 'हाडं पिळल्यासारखी होतात'. आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता 25 टक्के. जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता तिथे हा आजार रुजला, कारण वाहकाला मलेरियाच्या घातक रूपापासून थोडं संरक्षण मिळतं. म्हणून तो आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे आणि आपल्या मध्य भारतातही आहे. आपल्याकडे त्याला 'आदिवासींचा आजार' म्हणून मोकळं होतात. ते खरं नाही. पूर्व विदर्भात तो अनुसूचित जातींमध्ये आहे, ओबीसी समाजांमध्ये आहे. माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात आहे.

2016 मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात गेलो. हार्टफर्ड हे विमा कंपन्यांचं शहर, त्यामुळे तिथे आणि आसपासच्या गावांत आपली आयटीतली माणसं पुष्कळ. आम्ही रॉकी हिल नावाच्या गावात राहायचो. माझा व्हिसा एच-4, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही. वर्षभर घरात बसून काढलं. खालच्या मजल्यावर एक मल्याळी नर्स राहायची. तिने एकदा सहज सांगितलं की, इथून पाऊण तासावर ॲशफर्डला आजारी मुलांचं उन्हाळी शिबिर असतं, तिथे स्वयंसेवक लागतात आणि सिकलची मुलं खूप येतात. 'सिकल' हा शब्द तिच्या तोंडून ऐकला आणि मला एकदम माझं टेबल आठवलं, नळ्यांचं.

ते शिबिर म्हणजे होल इन द वॉल गँग कॅम्प. पॉल न्यूमन या नटाने ते 1988 मध्ये सुरू केलं. त्याने 1982 मध्ये सॅलडवर घालायच्या ड्रेसिंगची कंपनी काढली होती आणि तिचा सगळा नफा तो धर्मादाय कामाला देत असे. कॅन्सर, हिमोफिलिया, सिकलसेल असे गंभीर आजार असलेल्या मुलांनी तिथे यायचं आणि राहायचं. घरच्यांकडून एक पैसाही घेत नाहीत. पुढे अशी शिबिरं इतर देशांतही निघाली, आयर्लंडमधलं बॅरेट्सटाउन 1994 मध्ये. माझ्या माहितीचं एवढंच एक, तेव्हा त्याच्याबद्दलच लिहिते.

स्वयंसेवक व्हायचं म्हणजे अर्ज केला आणि गेलं, असं नाही. ओळख देणारी माणसं लागली, गुन्हेगारी नोंदींची तपासणी झाली, लशींची यादी द्यावी लागली, मुलाखत झाली. मग प्रशिक्षण. मला वाटलं होतं आजाराबद्दल शिकवतील आणि ते तर मला येत होतं. त्यांनी शिकवलं ते वेगळंच होतं. कुठल्याही मोठ्या माणसाने कुठल्याही मुलाबरोबर एकट्याने बंद जागी थांबायचं नाही, नेहमी दुसरं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात हवं. मुलाला उचलायचं असेल तर आधी त्याला विचारायचं. मुलाच्या पाठीमागे त्याच्या आजाराबद्दल बोलायचं नाही. 'बिचारी' अशा नजरेने बघायचं नाही. हे शेवटचं माझ्यासाठी सर्वांत कठीण होतं, कारण आपल्याकडे माया दाखवायची रीतच तशी आहे.

आणि ओल्या गादीचं शिकवलं. हे मला सविस्तर सांगायचं आहे, कारण आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत काम करणाऱ्या प्रत्येकाने ते ऐकावं. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. त्यातच या मुलांनी भरपूर पाणी प्यायलाच हवं, नाहीतर रक्त दाटून कळा सुरू होतात. म्हणून दहा-अकरा वर्षांची शहाणी मुलगीसुद्धा रात्री गादी ओली करते. हा तिचा आळस नाही, वळणही नाही. तो आजाराचा भाग आहे. शिबिरातल्या आमच्या घरात आठ मुली आणि आम्ही चौघी मोठ्या. पहिल्याच रात्री एकीची गादी ओली झाली. आम्हाला शिकवलं होतं तसं केलं. सकाळी सगळ्यांना दात घासायला बाहेर नेलं. एकजण 'काहीतरी विसरले' म्हणून मागे थांबली. मुली परत येईपर्यंत चादर बदललेली, तशाच नक्षीची, तिच्यावर तिचं चिंध्यांचं अस्वल होतं तसंच ठेवलेलं. कोणी काही बोललं नाही. मुलीने एकदा गादीकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि नाश्त्याला पळाली. आपल्याकडे अशा मुलींना सकाळी गादी डोक्यावर घेऊन उभं राहायला लावलेलं मी पाहिलं आहे. कुठे ते लिहीत नाही. एकाच ठिकाणी नाही पाहिलं.

तिथला पोहण्याचा तलाव कोमट पाण्याचा होता. गार पाणी अंगावर पडलं की रक्तवाहिन्या आखडतात आणि सिकलच्या मुलाची कळ सुरू होते. त्यामुळे या मुलांना सगळीकडे पाण्यापासून लांब बसवतात. काठावर बसून ती दुसऱ्यांचे कपडे सांभाळतात. इथे पाणीच कोमट केलं होतं. आणि खरी काळजी पाण्यातून बाहेर येताना घ्यायची, कारण ओल्या अंगाला वारा लागतो. म्हणून काठावर आम्ही सुके टॉवेल उघडून उभ्या. मूल शिडीच्या शेवटच्या पायरीवर आलं की टॉवेलात गुंडाळायचं, डोकं पुसायचं, हातात पाण्याची बाटली द्यायची. दिवसभर माझं काम बहुतेक हेच होतं. 'पाणी प्यालीस का?' हे वाक्य मी तिथे इतक्या वेळा म्हटलं असेल! मुका मार लागला तर बर्फ लावायचा नाही, शेकायचं, हेही तिथेच अंगवळणी पडलं. लांब चालायचं असेल तर छोटी गाडी असायची. चढाईचा मनोरा होता. त्यावर किती चढायचं ते मुलाने ठरवायचं, दोन पायऱ्या चढून 'बस्स' म्हटलं तरी खालून टाळ्या तेवढ्याच.

माझं इंग्रजी तेव्हा बेताचं होतं. मुलींच्या बोलण्यातलं निम्मं कळायचं. जेवणघरात सगळे टेबलं बडवत गाणी म्हणायचे, ती मला येत नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी विश्रांतीच्या वेळी मी खडूने फरशीवर अष्टाचंगचा पट आखला. चिंचोके कुठून आणणार? हस्तकलेच्या खोलीतून चार लाकडी बटणं घेतली आणि एका बाजूने रंगवली. चार उताणी म्हणजे चंग, चार पालथी म्हणजे अष्टा. पंधरा मिनिटांत त्यांना खेळ आला, अर्ध्या तासात त्या माझ्या सोंगट्या मारायला लागल्या. बसून खेळायचा खेळ, धावपळ नाही, दम लागत नाही, आणि भांडायला मात्र भरपूर वाव. तिसऱ्या दिवशी शेजारच्या घरातल्या मुली पट बघायला आल्या. जेवणघरात आमच्या टेबलावरून 'चंग!' अशी आरोळी उठायची आणि कोणालाच कळायचं नाही की काय झालं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते सांगते.

आमच्या चौघींपैकी एक होती एकतीस वर्षांची. एका शाळेच्या ग्रंथालयात काम करायची. कृष्णवर्णीय, उंच, हसली की सगळं घर हसायचं. एका रात्री जेवताना तिने खिशातून डबी काढली आणि सगळ्यांसमोर कॅप्सूल पाण्याबरोबर घेतली. टेबलावरच्या एका मुलीने ती कॅप्सूल ओळखली. हायड्रॉक्सीयुरिया, सिकलसेलवरचं औषध. तीही तेच घ्यायची.

तिने विचारलं, "तुलापण सिकल आहे?"

"हो. तुझ्याएवढी होते तेव्हा मीपण इथेच यायचे. त्या पलीकडच्या घरात."

"आता किती वर्षांची आहेस?"

"एकतीस."

मुलीच्या हातातला चमचा तसाच राहिला. तिने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. केस, कानातलं, हातातलं घड्याळ. मग शेजारच्या मुलीला कोपराने ढोसून म्हणाली, "ऐकलंस का? एकतीस." आणि दोघी परत जेवायला लागल्या. बस्स, एवढंच झालं.

मी त्या रात्री झोपले नाही. सहा वर्षांत मी हजारो बोटं टोचली होती. त्यांतल्या एसएस मुलांपैकी एकालाही मी त्याच्यासारखाच आजार असलेलं, नोकरी करणारं, हसणारं मोठं माणूस दाखवलं नव्हतं. मला स्वतःलाच असं कोणी माहीत नव्हतं. अशी माणसं नव्हती म्हणून नव्हे. ती आहेत, पण लपून आहेत. लग्न मोडेल, नोकरीत विचारतील, गावात बोलतील, म्हणून औषधाची डबी कपाटात कपड्यांखाली ठेवतात. आपलं मूल मग समजून जातं की आपल्यासारखे मोठे होतच नाहीत.

त्याच आठवड्यात एका रात्री दोनच्या सुमाराला एकीच्या मांडीत कळ आली. आम्ही वॉकीटॉकीवर कळवलं, काही मिनिटांत नर्स गाडी घेऊन दारात. शेकायची पिशवी, पाणी, गोळी. नर्सने पहिलं वाक्य विचारलं, "दहापैकी किती दुखतंय?" मुलगी म्हणाली, "आठ." नर्सने आठ लिहून घेतलं. मुलीने माझा हात धरला होता. ती मला हळूच म्हणाली की, आमच्या शहरातल्या हॉस्पिटलमध्ये म्हणतात मी नाटक करते. दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली तेव्हा सात मुलींनी पायरीवर उभं राहून तिचं स्वागत केलं.

'त्यांना काय कमी आहे?' असं ज्या वाचकाने विचारलं, त्यांना माझं उत्तर या एका वाक्यात आहे. 'नाटक करते.' हेच शब्द मी गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याच्या बाजूच्या एका आईकडून ऐकले होते. अमेरिकेत जन्मणाऱ्या सुमारे 365 कृष्णवर्णीय बाळांमागे एकाला हा आजार असतो. 2006 पासून तिथल्या सगळ्या राज्यांत प्रत्येक नवजात बाळाची तपासणी होते. यंत्रणा आहे, औषधं आहेत, तरी कळ खरी आहे हे पटवून द्यायला तिथल्याही मुलीला झगडावं लागतं. तिच्याकडे एकच गोष्ट जास्त होती, वर्षातला एक आठवडा. त्या आठवड्यात तिला काही पटवून द्यावं लागत नव्हतं.

2021 मध्ये आम्ही परत आलो. माझी भाची आता तेरा वर्षांची आहे, एसएस. हुशार आहे, चित्रं सुरेख काढते. चौथीत असताना तिला वर्गात बाकावर उभं केलं होतं, सारखी पाणी पिते आणि सारखी बाहेर जायला मागते म्हणून. बहिणीने शाळेत जाऊन सांगितलं, तिचं सिकलसेलचं कार्ड दाखवलं. बाई चांगल्या होत्या, ओशाळल्या, पुढे तसं झालं नाही. पण भाचीने त्या दिवसापासून शाळेत पाणी पिणं कमी केलं आणि दोनदा ॲडमिट झाली. मी तिला ॲशफर्डच्या गोष्टी सांगते. गाद्यांची गोष्ट सांगितली तेव्हा ती काही बोलली नाही, थोड्या वेळाने म्हणाली, "मावशी, ती परत सांग."

आपल्याकडे काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांच्या तपासणीचं आणि 2047 पर्यंत निर्मूलनाचं लक्ष्य ठेवलं. आदिवासी समाजात जन्मणाऱ्या 86 बाळांमागे एकाला हा आजार असतो असं सरकारच सांगतं, तेव्हा तपासणी हवीच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आला. आमच्या आशाताई उन्हातान्हात गोळ्या पोचवतात. पण हे सगळं मूल आजारी आहे हे ओळखण्यासाठी आणि त्याला जगवण्यासाठी आहे. त्या मुलाला वर्षातून पाच दिवस आजारी नसल्यासारखं वागता यावं, यासाठी कुठल्या कागदावर एक ओळ मला सापडलेली नाही. मला ते शिबिर इथे हवं आहे. पूर्व विदर्भात, सिकलच्या मुलांसाठी.

यावर ऐकलेला पहिला सल्ला असा, की मे महिन्यात घ्या, सुट्टी असते. कृपा करून नको. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 46 वर जातो. अंगातलं पाणी आटलं की या मुलांची कळ ठरलेली. आमच्याकडच्या दवाखान्यांत उन्हाळ्यात ही मुलं भरती होतात आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीतही होतात. अमेरिकेतलं शिबिर उन्हाळ्यात असतं, कारण त्यांचा उन्हाळा सौम्य असतो. आपण नावाची नक्कल करू नये. आपला काळ म्हणजे दिवाळीची सुट्टी. भाऊबीज झाली की पुढचे पाच दिवस. पाऊस संपलेला, हवा गोड, थंडी अजून दारात यायची. पोहण्याच्या तलावाचा हट्ट नको. बंबात पाणी तापवून मोठ्या टाक्यात सोडलं आणि चार-चार मुलांना खेळू दिलं तरी त्यांच्यासाठी तो तलावच.

जागा जिल्हा रुग्णालयापासून अर्ध्या तासाच्या आत हवी, रक्तपेढी जवळ हवी. पहिल्या वर्षी चोवीस मुलं पुरेत. त्यांच्यासाठी मोठी माणसं निदान दहा, शिवाय रात्रंदिवस एक नर्स आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर. प्रत्येकाची चारित्र्य पडताळणी पोलिसांकडून करून घेतलेली, कितीही ओळखीचा असला तरी. दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय कोणालाही मुलांत सोडायचं नाही. मुलांची सेवा करायची इच्छा आहे एवढ्यावर त्यांच्यात जाता येत नाही, हे मी तिथे शिकले. आपली शिबिरं आपण फार भरवशावर चालवतो. ओळखीचे सर आहेत, ओळखीचे काका आहेत, झालं. ही अट सगळ्याच मुलांच्या शिबिरांना लागू करावी, आजारी असोत की धडधाकट.

दहांतली निदान दोन माणसं स्वतः एसएस असावीत. सगळ्या पत्रातलं हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. विदर्भात अशी माणसं आहेत. कोणी तलाठी आहे, कोणी शिवणकाम करतं, कोणी मोबाइलचं दुकान चालवतं. मी गेले वर्षभर शोधते आहे. तिघंजण 'हो' म्हणाले. त्यांतल्या एका ताईंनी सांगितलं की, आठ दिवस विचार केला, मग सासूला सांगितलं, मग तुम्हाला फोन केला. त्यांना भाषण करायचं नाही. मुलांबरोबर जेवायला बसायचं आणि गोळी सगळ्यांसमोर घ्यायची, एवढंच.

आणि शिबिराचं उद्घाटन नको. पाहुणे नकोत, सत्कार नकोत, मुलांच्या हातात फलक देऊन काढलेले फोटो नकोत. आजारावर व्याख्यान तर अजिबात नको. या मुलांनी जन्मापासून तेच ऐकलं आहे. त्यांना पाच दिवस अष्टाचंग खेळू दे, माती कालवू दे, रात्री गच्चीवर बसून भुताच्या गोष्टी सांगू दे, आमच्या झाडीपट्टीतल्या एखाद्या नाटकातल्या नटाला बोलावून त्यांच्याबरोबर नाटक बसवू दे. खर्च म्हणाल तर जेवण, गाद्या, चादरी आणि एक गाडी. आम्ही सातजण आहोत. दोन नर्सिंगच्या विद्यार्थिनी, एक आश्रमशाळेचे शिक्षक, वर सांगितलेले तिघं आणि मी. चादरी एकाच नक्षीच्या साठ घेतल्या आहेत, कारण ते मी विसरणार नाही. जागेसाठी जिल्ह्यातल्या एका संस्थेशी बोलणं चालू आहे. जागा ठरली की आपल्याला कळवीनच.

परदेशी जायच्या विचारात असलेल्या तरुणांसाठी दोन शब्द, कारण मूळ लेख त्यांच्यासाठी होता. जरूर जा. पण पर्यटक व्हिसावर जाऊन शिबिरात काम करता येईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत शिबिरात मुलांबरोबर पगारी काम करायला परदेशी तरुणांसाठी जे-1 हा वेगळा व्हिसा असतो. त्याला वय किमान 18 लागतं, मुदत जास्तीत जास्त चार महिन्यांची, आणि तिथल्या सरकारने मान्य केलेल्या संस्थेमार्फतच जावं लागतं. मधल्या माणसाने मोठी रक्कम मागितली तर आधी त्या संस्थेकडे थेट चौकशी करा. आणि जे शिबिर तुमची काहीच तपासणी न करता, प्रशिक्षण न देता तुम्हाला मुलांच्या हवाली करतं, तिथे जाऊ नका, मग ते कुठल्याही देशात असो. जिथे तुम्हाला कोणी तपासत नाही, तिथे तुमच्या शेजारच्यालाही तपासलेलं नसतं.

शेवटची एक विनंती. 19 जूनला जागतिक सिकलसेल दिन असतो. दरवर्षी आमच्याकडे त्या दिवशी मुलांची फेरी निघते. पाऊस आलेला नसेल तर विदर्भात जूनमध्येही ऊन कडक असतं आणि फेरीत पुढे उभी केलेली मुलं बहुतेक वेळा एसएसच असतात. गेल्या वर्षी माझी भाची दीड तास उभी होती, रात्री ताप आणि कळा. पत्र त्या तारखेआधी छापलं गेलं तर एखादे मुख्याध्यापक, एखादे वैद्यकीय अधिकारी वाचतील. फेरी काढायची असेल तर सकाळी सातला काढा, अर्ध्या तासात संपवा, प्रत्येक मुलाच्या हातात पाण्याची बाटली द्या, आणि वाटेत लघवीला जायची सोय कुठे आहे ते आधी बघून ठेवा.

माझं नाव कृपया छापू नये. मला लपवायचं काही नाही, पण नावावरून गावात भाची ओळखू येईल. आपला आजार कोणाला कधी सांगायचा, हे तिचं तिने ठरवायचं आहे.

आपली नम्र,
एक वाचक
(माजी लॅब टेक्निशियन), ता. मूल, जि. चंद्रपूर